माझ्या आवाजातलं शवासन

योग शिकवणारी बाई म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे जी शिडशिडीत, ताठ कण्याची, हळू बोलणारी बाई उभी राहते ती मी नाही, हे आधीच सांगून टाकते. माझं पोट चांगलं सुटलेलं आहे, आवाज तिसऱ्या मजल्यावरून भाजीवाल्याला थांबवेल असा आहे आणि पद्मासनाला गुडघ्यांनी केव्हाच रजा दिली आहे. तरीही अठरा वर्षं मी संत तुकाराम नगरातल्या दोन खोल्यांच्या एका केंद्रात योग शिकवला. आणि तोही अशा मुलांना, ज्यांच्यापुढे शाळेने, शेजाऱ्यांनी आणि कधीकधी सख्ख्या आजीनेही हात टेकले होते. वय चार ते आठ. चावणारी, ढकलणारी, पाण्याच्या बाटल्या फेकणारी, जिन्यात लोळण घेऊन सगळी सोसायटी गोळा करणारी. या मुलांना माझं पोट फार आवडायचं. मी आडवी झाले की ती भोवती बसायची आणि पोट वर गेलं की "आत!", खाली आलं की "बाहेर!" असं एकसुरात ओरडायची. श्वास म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगलं साधन माझ्याजवळ नव्हतं, म्हणून ते कमी करायच्या भानगडीत मी कधी पडले नाही.

आमचं काम बाहेरच्यांना वाटतं तसं नसतं. मूल थेट माझ्याकडे येत नाही. आधी आमचे डॉक्टर त्याला तपासतात. कान, डोळे, झोप, बोलणं, सगळं बघतात. कुणाला औषध लागतं, कुणाच्या आईवडिलांनाच समुपदेशकाकडे बसवावं लागतं. या सगळ्याच्या जोडीला मी. योगाने सगळं बरं होतं असं सांगणाऱ्यांपैकी मी नाही, आणि योगाने काहीच होत नाही असं म्हणणाऱ्यांना मी आमच्या सतरंजीवर एक सकाळ बसवायला तयार आहे. मांजर व्हायचं, बेडूक व्हायचं, झाड होऊन एका पायावर उभं राहायचं, भुंग्यासारखं गुणगुणायचं. पोटावर कागदाची होडी ठेवून ती श्वासाने हलवायची. यातून मुलाला एवढंच कळायला हवं असतं की आपल्या आत काहीतरी भरून येतंय, आणि ते हात उगारला जायच्या आधी कळू शकतं. एवढंसं वाक्य आहे, पण ते मुलाच्या अंगी मुरायला कधीकधी वर्ष जातं.

पालकांना मात्र वर्ष नको असतं. दुचाकी गॅरेजात लावावी तसं मूल लावून जायचं आणि संध्याकाळी न्यायला यायचं, असा त्यांचा हिशेब. "ताई, एकदाचा शांत करून द्या याला." देहूरोडचे एक गृहस्थ दर शनिवारी विचारायचे, "आज किती टक्के शांत झाला?" मी कंटाळून एकदा म्हटलं, "चाळीस." पुढच्या शनिवारी म्हटलं, "पस्तीस." तर ते खुर्चीतून उठले आणि डॉक्टरांकडे तक्रार घेऊन गेले, की मुलगा पाच टक्क्यांनी घसरलाय. त्यांचा मुलगा तोवर खिडकीच्या गजाला उलटा लटकून मला हसत होता.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण या अंकासाठी संपादकांनी मागितलं आहे ते मनातलं, आणि मनात एकच गोष्ट रुतून बसली आहे. ती ईश्वरीची.

ईश्वरी सहा वर्षांची, मोशीच्या एका शाळेत पहिलीत. दिवाळीला सहा आठवडे राहिले असताना तिची आई अनिता तिला घेऊन आली. मूळची परभणीकडची, अंगाने बारीक, आणि बोलताना सारखी मागे वळून दाराकडे बघणारी. मुलगी खोलीत शिरल्या शिरल्या कोपऱ्यातल्या चटयांच्या वळकट्या पाडून मोकळी झाली.

"ताई, घरी लई गुणाची हाय हो," अनिता म्हणाली. "चूं करत नाही. शाळंत गेली की काय होतंय कोणास ठाऊक. किंचाळती, पोरींना ढकलती. बाईंच्या हाताला चावली बगा परवा."

तिने पिशवीतून शाळेची चिठ्ठी काढली. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वागणुकीत फरक पडला नाही तर दाखला घेऊन जावा, असं मुख्याध्यापिका बाईंनी सही करून लिहिलं होतं. आधीच्या बालवाडीतूनही ईश्वरीला असंच काढलं होतं. आता हीही शाळा गेली तर सहाव्या वर्षीच पोरीच्या नावावर दोन शाळा लागणार होत्या, आणि तिसऱ्या शाळेत तिचं नाव तिच्या आधी जाऊन पोचणार होतं. अनिताला बाकी काही नको होतं. पोर त्या वर्गात टिकली पाहिजे, बस्स.

डॉक्टरांनी तपासलं. कान चांगले, बुद्धी चांगली, इतर काही दिसत नाही म्हणाले. मी मनात म्हटलं, सोपं आहे.

आता माझी चूक सांगते. कुठलंही मूल घेतलं की पहिल्या आठवड्यात त्याच्या घरी जाऊन यायचं, हा माझा शिरस्ता होता. मूल कुठे झोपतं, कुठे खेळतं, टीव्ही कुठे आहे, कोण कोणावर ओरडतं, हे अर्ध्या तासात दिसतं. त्या वर्षी मात्र माझा गुडघा दुखत होता, मोशीच्या रस्त्यावर ट्रक-ट्रेलरची ही रांग, आणि सगळ्यात वाईट म्हणजे माझ्या हाती मोबाईल आला होता. पालकांचा ग्रुप केला होता. घरी करायचा अभ्यास मी माझ्या आवाजात रेकॉर्ड करून त्यावर पाठवायची. स्वतःवर खूश होते मी. आता घरोघर फिरायची गरज काय?

ईश्वरीला मी शवासन दिलं. जे मूल इतकं उसळतं त्याला आधी स्थिर व्हायला शिकवावं, हा माझा हिशेब. डोळे मिटायचे, हात सैल, पडून राहायचं. पहिल्या दिवशी ती अशी निपचित पडली की मी चकित झाले. बाकीची मुलं वळवळ करताहेत आणि ही पोर पंधरा मिनिटं हलत नाही. मी अनिताला म्हटलंसुद्धा, "अगं, हिला तर जन्मजात येतं!"

येत होतंच. का येत होतं, ते विचारायला मी थांबले नाही.

शवासन संपलं की ईश्वरी उठायची आणि पहिलं जे मूल हाताशी येईल त्याला धक्का मारायची. नवा सराव आहे, होईल सवय, असं मी समजले. दुसऱ्या आठवड्यात शाळेतून निरोप आला की आता ती प्रार्थनेतही किंचाळते. तिसऱ्या आठवड्यात तिने बाक पाडला आणि त्याखाली एका मुलीचा पाय आला. सुदैवाने खरचटण्यावर निभावलं. मी काय करावं? मी शवासन पाच मिनिटांनी वाढवलं.

सहातले तीन आठवडे असे गेले. मग एका दुपारी गुडघ्याला पट्टा बांधून मी बसने मोशीला गेले.

इंद्रायणीच्या बाजूला नव्या इमारतींच्या मागे जुन्या चाळवजा खोल्या आहेत, तिथे तिसऱ्या मजल्यावर त्यांची एक खोली. मी दार वाजवणार तोच ते आतून अलगद उघडलं आणि अनिताने ओठांवर बोट ठेवलं. बाहेर लख्ख ऊन, आत काळोख. खिडकीला जाड चादर लावलेली. पलंगावर तिचा नवरा बालाजी झोपलेला, चाकणच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला, त्या आठवड्यात थर्ड शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी. टीव्ही चालू होता पण मुका. कुकरची शिट्टी काढून फडक्यात गुंडाळून ठेवलेली. आणि जमिनीवर, पलंगाच्या खालच्या बाजूला, ईश्वरी. उताणी, डोळे मिटलेले, तळवे वर. तिच्या कानाशी मोबाईल, आणि त्यातून अगदी बारीक आवाजात मी बोलत होते.

"डोळे मिट. हात सैल सोड. आता अजिबात हलायचं नाही."

अनिता माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "ताई, तुमचं लई बरं झालं बगा. आधी हिला दाबून बसवावं लागायचं. आता दोन-दोन तास करती. संपलं की मी पुन्हा लावते."

मला बसायला जागा नव्हती तरी मी खाली बसले. अठरा वर्षांत मला इतकी लाज कधी वाटली नाही. त्या पोरीला तिच्या घरात रोज जी शिक्षा होती, तीच मी तिला औषध म्हणून दिली होती, आणि वर माझा आवाजही दिला होता.

अनिताला घेऊन मी बाहेरच्या गॅलरीत गेले. रागावणार होते, पण तिने मला तोंडच उघडू दिलं नाही. आपण होऊन सांगायला लागली. तिच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी शेजारच्या खोलीतल्या माणसाची दोन बोटं प्रेसमध्ये गेली होती. आदल्या दिवशी त्याचं तान्हं मूल दिवसभर रडत होतं, डोळ्याला डोळा लागला नव्हता. दवाखान्यातून आल्यावर तो माणूस बायकोला एवढंच म्हणाला होता, "झोप झाली असती तर..." अनिता दारात उभी होती. तिने ते ऐकलं.

"तवाच ठरवलं ताई. माझ्या घरात ह्यांच्या झोपंत आवाज व्हायचा नाही. पोरगी झाली तवा तिला रडू पण दिलं नाही हो, तोंडात दूधच." ती आपले हात बघत होती. "ह्यांची बोटं नीट राह्यली पाहिजेत ना?"

माझे वडील पिंपरीच्या एका कंपनीत होते. मी स्वतः पाळ्यांच्या घरात वाढले. बाबांची रात्रपाळी असली की आई आम्हा भावंडांना चप्पल हातात घेऊन जिना उतरायला लावायची. पण आमच्या कॉलनीत खाली मैदान होतं. आम्ही खाली जाऊन बोंबलायचो आणि पोट भरून बोंबलून झालं की वर यायचो. ईश्वरीला खाली उतरलं की डंपर होते. तिला बोंबलायला सगळ्या जगात एकच जागा सापडली होती, तिची शाळा. हे मला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही तरी मला.

संध्याकाळी मी ग्रुपवरचं ते रेकॉर्डिंग काढून टाकलं. नंतर आठवून आठवून जुन्या मुलांच्या घरी फोन केले. तिघांच्या घरी माझा आवाज असाच वापरला जात होता. एका आईने सांगितलं, पाहुणे आले की लावते. त्या मुलांची मी माफी मागितली. त्यांना ती कळली नाही, कारण चार-पाच वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाने माफी मागितल्याचा अनुभव नसतो. एकाने मला उलट विचारलं, "मग आता बेडूक करायचा का?"

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. मुख्याध्यापिका बाई माझ्याच वयाच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. मी सगळं सांगितलं, चूक माझी आहे म्हटलं.

"म्हणजे ताई, तुमच्या योगाने तीन आठवड्यांत मुलगी आणखी बिघडली," बाई म्हणाल्या.

"हो."

"आणि उरलेल्या तीनात सुधारेल?"

"माहीत नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "खरं बोललात, चहा घ्या. पण मुदत वाढवणार नाही. वर्गात चाळीस मुलं आहेत, त्यांचे आईबाप रोज माझ्या दारात उभे असतात." त्यांचंही बरोबर होतं. ज्या मुलीच्या पायावर बाक पडला ती बाहेर पट्टी लावून खेळत होती.

आता ईश्वरीला मी सिंहमुद्रा दिली. गुडघ्यांवर बसायचं, पंजे मांडीवर, श्वास पोटात भरायचा, डोळे मोठे करायचे, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर आणि आतलं सगळं एका गर्जनेत बाहेर. बाकीच्या मुलांना हे फार आवडतं. ईश्वरीने जीभ बाहेर काढली, तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. जी पोर शाळेत तावदानं हलवायची ती, "ओरड" म्हटल्यावर घाबरली. सारखी आईकडे बघायची आणि आई दाराकडे. तेव्हा मला कळलं की सतरंजीवर एकट्या ईश्वरीला बसवून भागणार नाही.

मी बालाजीला बोलावलं. शनिवारी सकाळी थर्ड शिफ्ट करून, कंपनीच्या बसमधून नाशिक फाट्याला उतरून तो चालत आला. उंच माणूस, डोळे लाल, गणवेशाच्या खिशाला दोरीचे इअरप्लग लोंबताहेत. अनिता आणि ईश्वरी आधीच आल्या होत्या.

"मॅडम, खरं सांगू का," तो म्हणाला, "शाळावाले खोटं बोलतेत. आमची पोरगी घरी तोंडातून शब्द काढत नाही."

मी वाद घातला नाही. म्हटलं, "भाऊ, थकलात. पाच मिनिटं त्या भिंतीशी आडवे व्हा, मुलं तुम्हाला शवासन दाखवतील." तो सतरंजीवर पाठ टेकवतो न टेकवतो तोच घोरायला लागला. अनिताने लगेच ईश्वरीला जवळ ओढलं आणि सगळ्या मुलांकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. ईश्वरी धरून खोलीत सात मुलं होती. सातही गप्प झाली.

मी म्हटलं, "चला, सिंह!"

"ताई, नको हो!" अनिता रडवेली झाली. "आज रातच्याला पुन्हा ड्युटी हाय त्यांची!"

"माझ्या जबाबदारीवर," मी म्हटलं. खरं सांगते, मलाही खात्री नव्हती. माणूस दचकून उठला असता, रागावला असता, तर ईश्वरी पुन्हा तोंड उघडणार नव्हती.

सहा मुलांनी गर्जना केली. बालाजीचं घोरणं तसंच चालू. दुसरी गर्जना. त्याने नाक खाजवलं. ईश्वरी आईच्या हातातून सुटली, हळूहळू चालत बापाजवळ गेली, गुडघ्यांवर बसली. त्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली. मग पंजे मांडीवर ठेवले, पोट भरलं, जीभ काढली आणि त्याच्या कानाशी अशी गर्जली की बाजूच्या खोलीतून डॉक्टर धावत आले.

बालाजीने कूस बदलली, सतरंजीचं टोक अंगावर ओढून घेतलं आणि पुन्हा घोरायला लागला.

मग ईश्वरी हसली. मी तिचं हसणं पहिल्यांदा ऐकलं. ती आईकडे वळून म्हणाली, "आई, बाबा उठत नाही!" आणि पुन्हा गर्जली. मग सातही सिंह त्या माणसाभोवती गर्जत फिरले. अनिता भिंतीला टेकून तोंडात पदर कोंबून रडत होती, की हसत होती, मला आजही नक्की सांगता येणार नाही.

तो तासाभराने आपणहून उठला. अनिताने विचारलं, "तुम्हाला काईच ऐकू आलं नाही?"

"काय?" तो म्हणाला. "अगं, आम्ही जेवायच्या सुट्टीत प्रेसच्या बाजूला पुठ्ठा टाकून झोपतो. तिथं तर जमीन हलती."

"मग घरी कधी सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलंच नाही. मी घरी यायचो तर सगळं गपगार. मला वाटायचं आपल्या घराची पद्धतच हाय." मग त्याने ईश्वरीकडे बघितलं. आपली गुणाची पोरगी कशामुळे गुणाची होती ते त्याच्या हळूहळू ध्यानात येत असावं. त्याने तिला उचलून खांद्यावर घेतलं, आणि एवढा मोठा माणूस तिला घेऊन जिन्यात बराच वेळ उभा राहिला.

सगळ्याच बापांना असं झोपता येत नाही, हे इथे सांगायला हवं. माझ्या बाबांना नाहीच यायचं. काही घरांत पलंग हलवावा लागतो, काही घरांत पोरांना दुपारी बाहेर न्यावं लागतं, प्रत्येक घराची वाट वेगळी असते. मोशीच्या त्या खोलीत खिडकीवरची चादर निघाली आणि कुकरला शिट्टी लागली, एवढं झालं. ईश्वरी लगेच देवाची गाय झाली नाही. पुढच्या आठवड्यातच तिने एकीची पेन्सिल मोडली. पण आमच्याकडे आता ती पोटावर हात ठेवून मला सांगायची, "ताई, इथपर्यंत आलंय," आणि हात रोज थोडा वेगळ्या जागी असायचा.

दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. माझ्या हातात चकलीचा सोऱ्या होता, तो तसाच खाली ठेवला.

"ताई, ईश्वरीचा दाखला मी देत नाही. का ते सांगते," त्या म्हणाल्या. "आज त्या वर्गावर माझाच तास होता. बेरीज चालू होती. ही मध्येच उभी राहिली. तोंड लालबुंद. मी म्हटलं, आता बाटली येणार. तर हात वर करून मला म्हणते, 'मॅडम, मी बाहेर जाऊन ओरडून येऊ का?'"

"मग?"

"मग काय, ये म्हटलं. पार मैदानाच्या टोकाला गेली. अख्ख्या शाळेने ऐकलं ताई, शिपाई घंटा सोडून बघायला गेला. परत आली, दार लोटलं, जागेवर बसली, पाटी पुढे ओढली आणि मला म्हणाली, 'झालं. आता शिकवा.'"

"आणि तुम्ही काय केलंत?"

"काय करणार?" बाई म्हणाल्या. "शिकवलं."